डिप्लोमावरचा शिक्का आणि घरातली मराठी

प्रश्न : माझी नणंद कॅलिफोर्नियात असते. तिच्या मुलीचं हायस्कूल यंदा संपलं आणि इंग्लिश-मराठी दोन्ही येतं म्हणून डिप्लोमावर चक्क शिक्का मिळालाय, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आल्यापासून सासूबाई सगळ्यांना दाखवत सुटल्यात. माझी मुलगी इथे इंग्लिश मीडियमला नववीत आहे, घरी आम्ही मराठीच बोलतो. तिलाही असं काही मिळतं का, फॉर्म कुठे भरायचा?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी भाचीचं अभिनंदन. फॉर्म वगैरे काही नाहीये, आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर विषयाचे मार्क येतात, भाषा किती येते ते येत नाही.

तिकडे त्याला सील ऑफ बायलिटरसी म्हणतात. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा केला, मग न्यूयॉर्क आलं आणि आता बहुतेक सगळ्या राज्यांत आहे. गंमत बघा, याच कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये मतदान घेऊन शाळांमधलं दोन भाषांतलं शिक्षण जवळपास बंद केलं होतं, घरी स्पॅनिश बोलणारं पोर म्हणजे इंग्लिशमध्ये कच्चं एवढंच धरायचे, ती बंदी उठली २०१६ च्या मतदानात. म्हणजे शिक्का आधी आला आणि बंदी नंतर उठली! घरची भाषा ही कमतरता नाही, कमाई आहे, हे कागदावर आलं, मला त्यातलं हेच आवडतं. नाहीतर आपण काय करतो, बागलाण-कळवणकडचं पोर घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि वर इंग्लिश शिकतं, आणि आपण त्याच्या उच्चारांना हसतो.

पण शिक्का फुकट मिळत नाही हां. इंग्लिशची अट असतेच आणि दुसऱ्या भाषेतही नुसतं बोलून भागत नाही, वाचता-लिहिता यावं लागतं. स्पॅनिश, फ्रेंचला एपी नावाची परीक्षा चालते, पाचपैकी तीन मिळाले की झालं. मराठीची एपी नाहीये, त्यामुळे अशा भाषांसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते.

आता तुमच्या लेकीचं. घरी मराठी बोलते म्हणताय, पण लिहिते का? मराठी शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये आला खरा, तरी कितीतरी इंग्लिश मीडियमची मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीसुद्धा रोमन लिपीत टाइप करतात आणि जोडाक्षर आलं की अडतात. आमच्या घरातही हेच रडगाणं आहे, तुम्हाला एकटीला काय सांगू. कागदच हवा असेल तर जर्मनची गटे इन्स्टिट्यूटची परीक्षा बघा, ऐकणं-बोलणं-वाचणं-लिहिणं चारही तपासतात. जपानीच्या जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते, हे क्लासवाले आधी सांगत नाहीत.

मराठीसाठी मात्र मी सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकची मेंबरशिप घेईन, १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि आपण पुस्तकं ऑनलाइन मागवतो. आणि पुढच्या पॅरेंट मीटिंगला एक विचारून बघा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालून गॅदरिंगसारखे डान्स बसवण्यापेक्षा, नववी-दहावीच्या ज्या मुलांना दोन भाषांत अर्ज लिहिता येतो, बातमी वाचून सांगता येते, त्यांना शाळेनेच एक सर्टिफिकेट द्यायला काय हरकत आहे? खर्च म्हणाल तर प्रिंटिंगचा.