भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेत लसावि काढलाच पाहिजे का?

५/१२ + ७/१८ हे गणित तुम्ही छेदांचा थेट गुणाकार करून, म्हणजे २१६ हा छेद घेऊन सोडवलंत. उत्तर बरोबर आलं, तरी लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) काढला नाही म्हणून गुण कापले गेले. शिवाय छेद मोठे असले की लसावि सापडतच नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. माझ्या दृष्टीने दुसरी अडचण खरी आहे, म्हणून पहिली आधी उरकते.

लसावि सक्तीचा नाही. जिला दोन्ही छेदांनी निःशेष भाग जातो अशी कोणतीही संख्या समान छेद म्हणून चालते. इथे ३६ चालेल, ७२ चालेल, १०८ चालेल आणि तुमचे २१६ सुद्धा चालतील. लसावि म्हणजे या रांगेतली सगळ्यात लहान संख्या, इतकंच. प्रश्नातच ‘लसावि काढून सोडवा’ असं म्हटलं असेल, किंवा तुम्ही १७४/२१६ वर थांबला असाल, तर गुण जाणं समजू शकतं. पण २९/३६ पर्यंत आणलं असेल तर कापायला नको होते.

मुळात छेद समान का करायचे, हे पक्कं असलं की असले वाद फारसे उरत नाहीत. छेद सांगतो तुकडा केवढा आहे, अंश सांगतो असे किती तुकडे आहेत. ३ मीटर आणि ४० सेंटीमीटर यांची बेरीज ४३ होत नाही, कारण एकक वेगळं आहे. तसंच बाराव्या भागांचे ५ आणि अठराव्या भागांचे ७ मिळून १२ ‘कशाचे’, हे सांगताच येत नाही. छत्तिसाव्या भागांत मोजले की पहिले १५, दुसरे १४, एकूण २९. गुणाकारात हे एकक जुळवावं लागत नाही, तरी अनेक मुलं सवयीने तिथेही छेद समान करत बसतात आणि मोठमोठे आकडे अंगावर ओढवून घेतात.

आता छेदांचा थेट गुणाकार. या पद्धतीत काम वाचत नाही, पुढे ढकललं जातं. १७४/२१६ ला शेवटी ६ ने भाग द्यावाच लागतो ना? तो ६ म्हणजे १२ आणि १८ यांचा मसावि (महत्तम सामाईक विभाजक), दोघांनाही निःशेष भागणारी सगळ्यात मोठी संख्या. तो कधी ना कधी काढून टाकावाच लागतो, मग सुरुवातीलाच का नको?

त्यासाठी मी असं करायला सांगते. दोन्ही छेदांना त्यांच्या मसाविने भागा. १२ चे उरले २, १८ चे उरले ३. आता ही उरलेली संख्या आपल्याच नव्हे, समोरच्या अपूर्णांकाला द्या: ५/१२ ला वर-खाली ३ ने गुणा, ७/१८ ला वर-खाली २ ने. १५/३६ आणि १४/३६. लसावि वेगळा काढलाच नाही, तो आपोआप आला. ही युक्ती नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त समच्छेद करण्याच्या एकाच सूत्रात दोन्ही पद्धती आहेत. आधी एकमेकांच्या छेदाने गुणण्याची, म्हणजे तुमची. आणि मग, बुद्धिमान माणसाने छेदांना साधारण विभाजकाने भागून घेऊन त्यांनी गुणावं, अशी. तेव्हा तुम्ही केलंत ते चुकीचं नव्हतं, फक्त श्लोकाच्या पूर्वार्धावर थांबलात.

मोठ्या छेदांचं काय? समजा ५/९१ + ४/१४३. इथे मूळ अवयव पाडायला गेलं की बहुतेकजण अडतात, कारण ९१ ही संख्या मूळ असल्यासारखीच दिसते. अवयव पाडूच नका. मोठ्या संख्येतून लहान वजा करत जा: १४३ − ९१ = ५२, ९१ − ५२ = ३९, ५२ − ३९ = १३. ३९ ला १३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून मसावि १३. (युक्लिडची म्हणून ओळखली जाणारी रीत हीच, वजाबाकीऐवजी भागाकार करून बाकी घेतली की आणखी लवकर संपते.) ९१ चे उरले ७, १४३ चे ११. आता पाच अकरा पंचावन्न, चार साती अठ्ठावीस, छेद ७ × ११ × १३ = १००१. उत्तर ८३/१००१. थेट गुणाकार केला असता तर छेद १३०१३ आला असता.

यात एक फायदा लपलेला आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. ८३/१००१ ला अजून संक्षेप देता येईल का, हे पाहताना ७, ११, १३ सगळे तपासायची गरज नाही. फक्त १३ तपासा. कारण बघा: ८३ म्हणजे ५५ + २८. २८ ला ७ ने भाग जातो, ५५ ला जात नाही, मग बेरजेला जाणं शक्यच नाही. ११ चंही तसंच. मूळ दोन्ही अपूर्णांक संक्षिप्त रूपात असतील, तर उत्तराला संक्षेप मिळालाच तर तो मसाविच्या विभाजकानेच मिळतो. १३ सक अठ्ठ्याहत्तर, ८३ ला भाग जात नाही, काम संपलं. उलट १/६ + १/१० घ्या: मसावि २, लसावि ३०, बेरीज ८/३०, आणि २ ने भाग जातो म्हणून ४/१५. म्हणजे लसावि काढला तरी उत्तर संक्षिप्तच येईल याची हमी नाही.

छेद लहान असतील तर एवढंही करू नका. मोठ्या छेदाचा पाढा म्हणा आणि लहान छेदाने भाग जाईल तिथे थांबा: अठरा, छत्तीस, झालं. छेद ८ आणि ९ यांसारखे लागोपाठचे असतील तर त्यांचा गुणाकार हाच लसावि, तिथे तुमची पद्धत सर्वात उत्तम. लहान-मोठं ठरवतानाही मी लसावि काढत नाही. ४/७ मोठा की ५/९? तिरकस गुणाकार करा, ३६ आणि ३५, म्हणून ४/७ मोठा. त्यात छेद ६३ घेतलेला असतोच, फक्त लिहिलेला नसतो.

तीन अपूर्णांक आले की मात्र जपा. दोन संख्यांसाठी ‘गुणाकार भागिले मसावि’ बरोबर आहे, तिघांसाठी नाही. ६, १० आणि १५ यांचा मसावि १, गुणाकार ९००, पण लसावि ३०. दोन-दोन करून पुढे जा: ६ व १० चा ३०, मग ३० व १५ चा ३०. १/६ + १/१० + १/१५ = (५ + ३ + २)/३० = १०/३०, म्हणजे १/३. आणि फक्त मसावि तपासण्याची सवलतही इथे मिळत नाही. तिन्ही छेदांचा मसावि १ असूनही शेवटी १० ने भाग गेलाच.