कानसेन विचारतात : चाळिशीतलं पॉप-पंक, स्का आणि गुडघे

प्रश्न : दादा, वय ४३, कोथरूड, आयटी. २०२५ च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालुझा संगीत महोत्सवाला ग्रीन डे हा अमेरिकन पॉप-पंक, म्हणजे गोड चालींचं पंक रॉक वाजवणारा, बँड आला तेव्हा गेलो होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो. घरी येऊन त्यांचा ‘डूकी’ आणि त्याच पठडीतल्या ब्लिंक-१८२ चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ हे अल्बम पुन्हा लावले. पहिल्याने मजा आली, दुसऱ्याच्या वेळी १४ वर्षांची मुलगी खोलीत आली आणि मीच घाईघाईने आवाज कमी केला. हॉस्टेलला हे सगळं तोंडपाठ होतं हो. मी म्हातारा झालो की हे आधीपासूनच पोरकट होतं?

उत्तर : दोन्ही, राग मानू नका. पण हॉस्टेलला तुम्ही नेमकं काय ऐकलंत ते आठवा. कुणाच्या तरी पीसीवरनं उतरवलेली एमपीथ्री, दोनातला एक स्पीकर मेलेला, आणि खोलीत सहा जण गायकापेक्षा मोठ्याने गातायत. माझंही तेच. गिटारचा खणखणाट आणि आपलाच आरडाओरडा एवढंच कानात गेलं, अर्धा अल्बम ऐकायचा राहूनच गेला.

‘डूकी’तलं ‘लाँगव्ह्यू’ घ्या. कडव्यात गिटार जवळजवळ नाहीच, ट्रे कूलचे ड्रम आणि माइक डर्न्टचा तो डुलत चालणारा बास, त्यावर घरात लोळून कंटाळलेल्या पोराची बडबड, आणि मग गिटार धाडकन आत येते. तो बास मला बऱ्यापैकी हेडफोन घेतल्यावर, म्हणजे वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी, पहिल्यांदा धड ऐकू आला! ‘बास्केट केस’वर आपण पलंगावर उड्या मारायचो, पण त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग त्यात स्वतःच्या पॅनिक अटॅकबद्दल गातोय. ‘कमिंग क्लीन’ तर स्वतःची लैंगिकता उमजून घेणाऱ्या मुलाचं गाणं आहे आणि आमच्या अख्ख्या मजल्यावर हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अल्बम आला १ फेब्रुवारी १९९४ ला, तेव्हा या माणसाला २२ वं सुद्धा पूर्ण झालं नव्हतं.

आता ‘एनिमा’, १९९९ चा. त्यातले बायकांवरचे विनोद आणि ते नर्सवालं कव्हर, याची लाज वाटली ते बरंच झालं, मी वकिली करणार नाही. पण ट्रॅव्हिस बार्करचे ड्रम ऐका. तो वर्षभरापूर्वीच आला होता, तोही अ‍ॅक्वाबॅट्स नावाच्या स्का (मूळचं जमैकातलं नाचरं संगीत) बँडमधून, आणि तीन साध्या कॉर्डच्या गाण्यात तो मागे जे काय करत असतो त्याने अल्बम उभा राहतो. प्रोड्यूसर जेरी फिन, म्हणजे ‘डूकी’च्या मिक्सिंगला होता तोच. आणि ‘अ‍ॅडम्स साँग’ मुलीला खुशाल ऐकू द्या, पण एकटेपणाचं आणि आत्महत्येच्या विचाराचं गाणं आहे, तेव्हा जवळ बसा.

प्रश्न : मी नाशिकची, वय ४६. कॉलेजात मैत्रिणीच्या अमेरिकेतल्या भावाने दिलेल्या कॅसेटमुळे स्काचं वेड लागलं, रील बिग फिश, मायटी मायटी बॉसटोन्स, रॅन्सिड वगैरे. आता किचनमध्ये लावलं की आमचे हे म्हणतात, कुणाची वरात निघाली? काय उत्तर देऊ?

उत्तर : ताई, त्यांना सांगा की ते चुकून बरोबर बोलले.

स्का जमैकातलं, पन्नासच्या दशकाच्या शेवटचं. किंग्स्टनच्या गल्ल्यांत मोठमोठे स्पीकर लावून अमेरिकन रिदम अँड ब्लूज वाजायचं, त्यातूनच तिथल्या वादकांनी आपलं काहीतरी काढलं. टाळी देऊन मोजा, एक-आणि-दोन-आणि. आपला हात एक-दोनवर पडतो, स्काची गिटार त्या ‘आणि’वर चिक करते, म्हणून अंग आपोआप वर उचललं जातं. १९६२ ला देश स्वतंत्र झाला, १९६४ ला स्कॅटलाइट्स जमले, आणि त्यांच्यातला ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड, सॅक्सवाला टॉमी मॅकूक हे अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले, जे नन्स चालवायच्या आणि गरीब पोरांना बँड शिकवायच्या. आता गोवा आठवा, चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन वाचायला शिकली आणि मुंबईत येऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली, सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेटचा ट्रंपेट होताच की. म्हणजे दोन्हीकडे ट्रंपेट आले ते चर्चवाल्यांकडूनच. वरातीच्या बँडची वंशावळ वेगळी, लष्करी बँडची, पण वाद्यं तीच. तुमच्या ह्यांचे कान चांगले आहेत.

तुमची कॅसेट मात्र स्काच्या तिसऱ्या लाटेची, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन बँडची. दुसरी लाट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची, टू टोन नावाच्या रेकॉर्ड कंपनीची, १९७९, त्यात द स्पेशल्स हा बँड, काळे-गोरे एकत्र. ती आपण पुष्कळ जणांनी ओलांडूनच टाकली. १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीत भारतीय वंशाच्या एका तरुण विद्यार्थ्याचा वर्णद्वेषातून खून झाला, त्यानंतर जूनमध्ये स्पेशल्सनी तिथेच वर्णद्वेषाविरुद्ध मोठा कार्यक्रम केला. त्याच महिन्यात त्यांचं ‘घोस्ट टाउन’ आलं, बंद पडलेल्या शहराचं गाणं, आणि जुलैत इंग्लंडमध्ये दंगली पेटल्या असताना ते एक नंबरवर होतं. मी हे सगळं अगदी उशिरा वाचलं, तोवर माझ्यासाठी स्का म्हणजे चौकड्यांचे मोजे आणि रील बिग फिशचा टवाळपणा. तो टवाळपणा आता मला तीन गाण्यांवर झेपत नाही, खरं सांगतो. रॅन्सिडचा १९९५ चा ‘...अँड आउट कम द वुल्व्ह्स’ मात्र आहे तसाच उभा आहे, मॅट फ्रीमनचा बास ऐकून अजून बोटं दुखल्यासारखी होतात.

प्रश्न : ठाण्याहून. २००१ साली ग्रीन डे विकले गेले, म्हणजे पैशासाठी मोठ्या कंपनीकडे गेले, यावरून एका मित्राशी भांडण झालं, मी ‘विकले गेले’च्या बाजूने होतो, पुढे बोलणंच तुटलं. आज मी एका बँकेत व्हीपी आहे. फोन करू का?

उत्तर : करा. तुमच्या बाजूने एवढंच सांगतो की हा वाद तुम्ही दोघांनी काढलेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचा ९२४ गिलमन स्ट्रीट हा क्लब, जिथे ग्रीन डेची पोरं वाढली, तिथे मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला वाजवायला बंदी होती, त्यामुळे ‘डूकी’च्या करारानंतर ग्रीन डेला घरचं दार बंद झालं. २०१५ मध्ये ते तिथे एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा वाजवून आले. एकवीस-बावीस वर्षं लागली त्यांना. तुमची तर त्याहून जास्त झाली की.

प्रश्न : वय ४८, डॉक्टरने उड्या मारायला मनाई केली आहे. स्कावर बसून कसं नाचावं?

उत्तर : खांदे आणि कोपरं. स्कँकिंग, म्हणजे स्कावरचा नाच, तरी काय, जागेवर पळाल्यासारखं करायचं, तर वरचा अर्धा भाग ठेवा आणि खालचा खुर्चीला द्या. चाकाची खुर्ची नको, मी पडलोय.