पाठीतल्या पाण्याची साखर ६२, मग चिंता कशाची?

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. ताप आणि मान आखडल्यामुळे त्यांच्या पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासलं. रिपोर्टमध्ये साखर ६२, म्हणजे नॉर्मल. तरी डॉक्टर त्याच वेळची रक्तातली साखर का विचारतात?

उत्तर : कारण या पाण्यातली साखर रक्तातूनच येते आणि रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के असते. रक्तात १०० असेल तर ६२ उत्तम. पण रक्तात २१० असताना ६२ म्हणजे जेमतेम ३० टक्के. ही घट जिवाणूंच्या किंवा क्षयाच्या मेंदुज्वरात दिसते. म्हणून सुई टोचण्याआधीच रक्त घ्यावं. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. उशीर झाला तर नळीतल्या पेशी साखर खातात आणि आकडा खोटाच कमी येतो. कल्चरची (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची) नळी फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये, काही जिवाणू थंडीने मरतात.

प्रथिनं मात्र इथे फारच थोडी, डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम. रक्तद्रवात ६ ते ८ ग्रॅम. त्यामुळे सुईने शीर दुखावून थोडं रक्त मिसळलं तरी प्रथिनं वाढलेली दिसतात. पहिली नळी लालसर, शेवटची स्वच्छ असेल तर बहुधा तेच घडलेलं असतं.