माळावरचा डुरक्या घोणस

प्रश्न : आमच्या खडकाळ माळावर दगडाखाली हातभर लांबीचा, जाड, तपकिरी डागांचा साप निघाला. घोणस समजून लोक त्याला मारायला धावले. तो विषारी होता का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो डुरक्या घोणस असावा. हा साप पूर्णपणे बिनविषारी असून उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याचा सोबतीच. तरीही नावातल्या आणि रंगातल्या साधर्म्यापायी तो नाहक मारला जातो, याचे फार वाईट वाटते. विषारी घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि त्रिकोणी डोके मानेपासून स्पष्ट वेगळे दिसते. डुरक्याचे डाग मात्र वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपूट अगदी आखूड असते. खात्री नसेल तर दूर राहून सर्पमित्रांना बोलवावे.