नियम काय आहे, ते सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला. अभ्यासिकेत शेजारच्या मुलानं तुझ्या सामान्य अध्ययनाच्या पुस्तकाखालून ती कादंबरी ओढून काढली आणि कोट घातलेल्या लांडग्याचं ते मुखपृष्ठ सगळ्यांना फिरवून दाखवलं. तेव्हापासून तू कोपऱ्यातल्या टेबलावर बसतोस. आणि मला विचारतोस, ‘बाई, यातून तुला काय मिळालं असं कुणी विचारलं तर काय सांगू?’ त्याच्या खाली आणखी एक ओळ: ‘यापेक्षा चांगल्या पुस्तकांची यादी द्याल का?’

यादी देणार नाही. ग्रंथपाल म्हणून तीस वर्षं याद्याच दिल्या. यादी मागणारा माणूस बहुतेक वेळा हातातलं पुस्तक टाळत असतो. तूही तेच करतो आहेस.

काय मिळालं, या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. तो प्रश्न विचारणाऱ्याला पुस्तकाशी घेणंदेणं नसतं. तू स्वतःला एकच प्रश्न विचार: या गोष्टीचा नियम काय आहे? लेखकानं तो कुठल्या पानावर सांगितला, आणि शेवटपर्यंत पाळला का? मी हे या पत्रात चारदा सांगणार आहे. कंटाळू नकोस.

कादंबरी तू माझ्याकडे ठेवून गेलास म्हणून वाचली. किलोवर घेतलेलं पुस्तक, आधीच्या मालकाचं नाव खोडलेलं, मधली सोळा पानं सुटी. माझं इंग्रजी सावकाश. डिक्शनरी शेजारी ठेवून अकरा दिवस लागले. हरवलेली मुलगी, पावसाळी शहर, भुयारी रेल्वे आणि पौर्णिमेच्या आसपास तीन रात्री लांडगा होतो म्हणून स्वतःला तळघरात कोंडून घेणारा खासगी गुप्तहेर. तो खोटं बोलणाऱ्या माणसाच्या घामाचा वास ओळखतो, हे मला पहिल्यांदा फार सोयीचं वाटलं. असा वास येत असेल तर तपास कशाला हवा? पण पुढे त्या मुलीच्या भावाला ताप येतो, आणि आजारी माणसाचा घाम वाचताच येत नाही, म्हणून तो फसतो. तिथे मी पुस्तक मांडीवर ठेवलं. बाईंना, की बुवांना, ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला नियम कळतो, असं मनात म्हटलं.

मग मी एक गोष्ट केली. भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेतलं आणि कादंबरीतले वार पेन्सिलनं मांडले. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस. पहिली पौर्णिमा मंगळवारी आहे. एकोणतीस दिवस मोजले तर पुढची बुधवारी यायला हवी, आणि ती बुधवारीच आहे, एका वाक्यात, दूध आणायला गेलेल्या शेजारणीच्या तोंडी. वाचकांपैकी कितीजण हे मोजतील? तरी लेखकानं मोजलं. या मेहनतीला काय म्हणायचं, ते तुला हसणाऱ्या मुलाला विचार.

हसणाऱ्यांच्या बाजूनंही एक जुना माणूस उभा आहे, तो तुला माहीत असावा. 1929 साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. तो स्वतः रहस्यकथा लिहायचा. दुसरा नियम असा की अलौकिक शक्तींना रहस्यकथेत थारा नाही. आठवा असा की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. आता दुसऱ्या नियमानं तुझा लांडगा दारातच अडतो. पण नॉक्सला अलौकिकाची भीती का होती? लेखक अडला की भूत आणून सुटेल, वाचकानं डोकं चालवून काही उपयोग होणार नाही, म्हणून. म्हणजे खरी भीती अन्यायाची. भुताला आधीच कुलूप लावलं आणि त्याची किल्ली वाचकाच्याही हातात दिली, तर अन्याय उरत नाही.

तेरा वर्षांनी, 1942 मध्ये, अँथनी बाउचर या अमेरिकन लेखकानं हे करून दाखवलं. हा माणूस पुढे कित्येक वर्षं न्यूयॉर्क टाइम्समध्ये रहस्यकथांचं परीक्षण लिहीत होता, त्यामुळे त्याला नियम शिकवायची गरज नव्हती. त्याच्या कथेत बर्कलीतला जर्मनचा प्राध्यापक एक शब्द उच्चारला की लांडगा होतो. परत माणूस व्हायलाही तोच शब्द लागतो. पण लांडग्याच्या तोंडातून शब्द फुटेल कसा? म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तो म्हणायला हवा. आणि माणूस झाला की अंगावर कपडे नाहीत. या दोन अडचणींवर सबंध कथा चालते, आणि प्राध्यापक शेवटी सरकारी हेर होतो. बघ, नियमानं त्याला बांधलं म्हणून गोष्ट हलली. मोकळा सोडला असता तर तिसऱ्या पानावर संपली असती.

पौर्णिमेचा नियमही तू समजतोस तितका प्राचीन नाही. तो इतका पक्का केला 1940 च्या दशकातल्या हॉलिवूडनं. त्याआधीचे लांडगे वेगळे. 1589 मध्ये जर्मनीत कोलोनजवळ ज्या पेटर श्टुम्पला हाल करून मारलं, त्याच्याकडून सैतानानं दिलेल्या पट्ट्याची कबुली घेतली होती: पट्टा बांधला की लांडगा, सोडला की माणूस. छळ करून वदवलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, पण तिथेही नियम होताच. आणि 1691 मध्ये लिव्होनियात, आजच्या लॅटव्हियाच्या भागात, थीस नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्यानं न्यायाधीशांना सांगितलं की मी लांडगा होतो, वर्षातल्या ठराविक रात्री नरकात जातो आणि चेटक्यांनी पळवलेलं धान्य गावासाठी परत आणतो, आम्ही देवाचे कुत्रे आहोत. त्यांनी उलटसुलट विचारलं. म्हातारा ढळला नाही. फटक्यांची शिक्षा झाली. मला तो माणूस फार जवळचा वाटतो. त्याची गोष्ट मला खरी मानता येत नाही, पण तिचा नियम त्यानं कोर्टातही मोडला नाही.

हे सगळं परकं आहे असं म्हणणाऱ्याला एवढंच सांग: लांडगा होणाऱ्या माणसाला इंग्रजीत वेअरवुल्फ म्हणतात, त्यातला ‘वेअर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’ शब्दाचा सख्खा नातेवाईक, आणि ‘वुल्फ’ हा ‘वृक’चा. भीमाला वृकोदर म्हणताना आपल्याला काही खटकत नाही.

आता जे सांगायचं होतं ते.

1994 साली आमच्या वाचनालयात जागा उरली नव्हती. कार्यकारी मंडळानं ठरवलं, दर्जेदार तेवढं ठेवायचं. निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी मी केली. चारशे बारा पुस्तकं, त्यातली बहुतेक रहस्यकथा. झुंजार, काळापहाड, अर्नाळकरांचे नायक सगळे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आमच्याकडे होत्या त्यांपैकी एकही उरली नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक क्रमांकासमोर मी लाल शाईनं रेघ मारली आणि शेवटी सही केली. पुस्तकं रद्दीत गेली.

दर शनिवारी दुपारी एसटीच्या वर्कशॉपमधले एक फिटर यायचे. नखांत ग्रीस असायचं म्हणून पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. पानांवर पेन्सिलचे ठिपके करतात म्हणून मी त्यांना दोनदा बोलले होते, एकदा चारचौघांत. निर्लेखनानंतरच्या शनिवारी ते आले, रिकाम्या कपाटासमोर थोडा वेळ उभे राहिले, अनामत परत मागितली, पावतीवर सही केली. पुन्हा आले नाहीत.

पुढे एक पुस्तक देवघेव टेबलाच्या खणामागे अडकलेलं सापडलं. पान 64 वर एका नावाशेजारी ठिपका होता. शेवटच्या पानावर बारीक बरोबरची खूण. त्याखाली, तितक्याच बारीक अक्षरात, ‘पण चावी आधी दाखवली नाही.’

तो माणूस तीस-चाळीस पैशांच्या कागदावर न्यायनिवाडा करत होता. खुनी कोण ते ओळखून त्याचं समाधान झालं नव्हतं, लेखकानं आपल्याशी सरळ व्यवहार केला का, हे तो तपासत होता. आणि मी त्याला पुस्तक खराब करणारा वाचक समजत होते.

तू म्हणशील, बाई, तुमची नोकरी होती. होती. मी सही केली नसती तर दुसऱ्यानं केली असती, हेही खरं. त्या मोकळ्या जागेत मी बालविभागाची दोन कपाटं भांडून मिळवली, आणि तुझी आई त्या कपाटांतलीच पुस्तकं वाचून मोठी झाली. याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. पण कपाटं मिळवायला रहस्यकथाच द्याव्या लागतील, हे मी एका बैठकीत मान्य केलं, कारण मलाही त्या लपवून वाचायची सवय होती. लाज वाटणाऱ्या गोष्टीच्या बाजूनं कुणी भांडत नाही. म्हणून तुझी खाली घातलेली मान पाहून मला राग येतो. तुझ्यावर येतो, आणि थोडा माझ्यावरही.

परीक्षेचं वेळापत्रक पाळ, तो तुझा तुझ्याशी केलेला करार आहे. रात्री दोन वाजता मेसेज करू नकोस, झोप. कादंबरीवर तू नऊ पानं लिहिलीस आणि फाडणार होतास, ती फाडू नकोस, मला आणून दे. त्यात ‘आवडलं’, ‘भारी’, ‘थरारक’ असेल ते मी खोडणार. नियम कुठे सांगितला आणि कुठे मोडला, एवढंच ठेवणार.

आणि एक काम. एकोणिसाव्या प्रकरणात तो भरदिवसा, कुठलीही पौर्णिमा नसताना, रागाच्या भरात लांडगा होतो. मी पेन्सिल आपटली. इतकं मोजूनमापून लिहिणारा लेखक असा कसा घसरला? दुसऱ्या दिवशी पुस्तक पहिल्यापासून चाळलं. चौथ्या प्रकरणात त्याची आजी त्याला काहीतरी सांगते, दोनच ओळी आहेत. ती परवानगी आहे की नाही, यावर माझं मत झालेलं आहे, पण तुला सांगणार नाही. पुस्तक घरी येऊन घेऊन जा. सुटी पानं मी शिवून ठेवली आहेत. त्या दोन ओळी वाच, तुला पटल्या तर समासात ठिपका कर, आणि रविवारी ये.

तुझी,
बाई