भांड्याजवळची गुरगुर, अर्धवट टाकलेलं जेवण

प्रश्न: आमचा तीन वर्षांचा कुत्रा एरवी फार प्रेमळ आहे, पण जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. घरात लहान मूल आहे. ‘त्याच्यासमोरून भांडं काढून घ्या, म्हणजे घरात मालक कोण हे त्याला कळेल,’ असं सगळे सांगतात. तसं करावं का?

उत्तर: कृपया करू नका. भांडं जाईल, ही भीती त्याच्या मनात आधीच आहे. तुम्ही ते खरंच काढून घेतलंत, तर ती पक्की होते. गुरगुरल्याबद्दल ओरडणं किंवा मारणं तर त्याहून वाईट. गुरगुर हा इशारा आहे. तो दाबून टाकला की भीती तशीच राहते, इशारा तेवढा नाहीसा होतो आणि पुढच्या वेळी कुत्रा थेट चावतो. ‘काही कारण नसताना चावला’ असं सांगणाऱ्या अनेक घरांत हेच झालेलं असतं.

गुरगुरण्याच्या आधीही तो बरंच काही सांगत असतो. घास चावणं मध्येच थांबतं, मान भांड्यावर तशीच खिळून राहते. अंग ताठ होतं, किंवा तो एकदम भराभर गिळायला लागतो. डोक्याची हालचाल नसते, पण नजर तुमच्याकडे वळते आणि डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. अशा वेळी शेपटी हलत असेल, तरी तो खूश आहे असं समजू नका. ताठ, उंच धरलेली आणि भरभर हलणारी शेपटी तणावाचीही असते.

आता उपाय. तुम्ही किती लांब असताना तो निश्चिंत खातो, ते आधी पाहा. समजा, 8 पावलं. तेवढ्या अंतरावरून चालत जा, त्याच्या रोजच्या खाण्यापेक्षा चविष्ट असा एक तुकडा (उकडलेलं चिकन, तुमच्या नखाएवढं) भांड्याजवळ टाका आणि न थांबता पुढे जा. एका जेवणात असं चार-पाच वेळा करा. तुम्हाला पाहताच अंग सैल ठेवून तो ‘आता काय मिळणार’ अशा नजरेनं मान वर करायला लागला आणि सलग काही दिवस तसंच दिसलं, की एक पाऊल जवळून जा. ताठरला तर तुम्ही घाई केलीत. दोन पावलं मागे या. या कामाला आठवडे लागतात. बहुतेकांचं चुकतं ते तुकडा टाकताना: थांबतात, वाकतात, हात पुढे करतात किंवा लगेच थोपटायला जातात.

हा सराव मुलाकडून मुळीच करून घेऊ नका. कुत्र्याला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू द्या आणि तो बाहेर आल्यावरच भांडं उचला. गुरगुर अलीकडे अचानक सुरू झाली असेल, तर दात, कान किंवा सांधे दुखत नाहीत ना, हे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्या. एकदा जरी चावला असेल, तर घरच्या घरी प्रयोग नकोत, वर्तनतज्ज्ञाची मदत घ्या.

प्रश्न: आमच्या कुत्रीची नसबंदी झाली आहे. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणेच खाणं देतो, तरी ती लठ्ठ होते आहे. नेमकं किती द्यावं?

उत्तर: तक्ता सरासरीचा असतो, आणि नसबंदीनंतर गरज कमी होते. साध्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करा. तिचं योग्य वजन (आजचं नव्हे) 10 किलो धरू. 10 × 10 × 10 म्हणजे 1000. त्याचं वर्गमूळ 31.6, त्याचं पुन्हा वर्गमूळ 5.62. त्याला 70 नं गुणलं की साधारण 394 किलोकॅलरी येतात. ही विश्रांतीतली गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला 1.6 नं गुणा, म्हणजे दिवसाला सुमारे 630. यातला जास्तीत जास्त दहावा भाग खाऊसाठी. उरलेल्या 567 किलोकॅलरी ड्राय फूडमधून द्यायच्या आणि पाकिटावर 100 ग्रॅमला 370 लिहिलं असेल, तर दिवसभराचं खाणं सुमारे 153 ग्रॅम, दोन वेळांत विभागून.

ग्रॅम वजनकाट्यावरच मोजा, कपाच्या मापात सहज चूक होते. हा आकडा केवळ सुरुवातीचा आहे, खरं उत्तर बरगड्या देतात. आपली मूठ वळून बोटांच्या गाठींवरून बोट फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर ती बारीक आहे. उघड्या तळहाताच्या मऊ भागासारख्या दबून लागल्या तर जाड. हात सरळ धरून तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. दर दोन आठवड्यांनी वजन करा आणि उतरत नसेल तर खाणं 10 टक्क्यांनी कमी करा. मोजूनही वजन वाढतच राहिलं, तर रक्त तपासून घ्यावं.

प्रश्न: आमचा कुत्रा भांडं हुंगतो आणि निघून जातो. वर अंडं किंवा मांस घातलं तरच खातो.

उत्तर: थांबलं की अंडं मिळतं, हे तो शिकला आहे. ठरल्या वेळी भांडं ठेवा, 15–20 मिनिटांनी मुकाट्यानं उचला आणि पुढच्या जेवणापर्यंत काही देऊ नका. पाणी मात्र कायम हवं. दोन-तीन दिवस घरातल्या सगळ्यांनी हे पाळायला हवं, कारण एकानं हळूच तुकडा दिला की सगळं पहिल्यापासून. खाणंच बदलायचं असेल, तर 7 ते 10 दिवसांत जुन्यात नवं वाढवत न्या, नाहीतर जुलाब होतात.

हे निरोगी, प्रौढ कुत्र्यासाठी आहे. 24 तास काहीच खाल्लं नाही, मलूल झाला, उलट्या झाल्या, तर पशुवैद्याकडे न्या. पिल्लांच्या बाबतीत इतका वेळही थांबू नका. भूक आहे, पण घास तोंडातून पडतो किंवा एकाच बाजूनं चावतो, तर दात पाहा.

प्रश्न: कुत्रा गवत खातो आणि जेवण अर्ध्या मिनिटात संपवतो. दोन्हींची काळजी करावी का?

उत्तर: गवताची नको. बहुतेक कुत्रे खातात. फक्त त्यावर कीटकनाशक मारलेलं नसावं.

गिळण्याची मात्र करा, विशेषतः कुत्रा मोठा आणि खोल छातीचा असेल तर. अशा कुत्र्यांचं पोट हवेनं फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत द्या, उंचवटे असलेल्या भांड्यात किंवा मोठ्या ताटात पसरून ठेवा आणि जेवणानंतर तासभर तरी धावपळ नको. पोट ताणलेलं, लाळ गळते, अस्वस्थ फेऱ्या आणि उलटीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर तासांचा नव्हे, मिनिटांचा प्रश्न असतो. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.

प्रश्न: कुत्र्यानं मनुके खाल्ले तर उलटी करवावी का?

उत्तर: स्वतःहून नको. द्राक्षं आणि मनुक्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यावर होईल, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून थोडे खाल्ले तरी लगेच पशुवैद्याला फोन करा. चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम पोटात गेलं तरी हेच करा. किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, हे तीन आकडे तयार ठेवा, पाकीट असेल तर सोबत न्या. उलटी करवायची का, ते डॉक्टर ठरवतील. मिठाचं पाणी अजिबात पाजू नका, त्यातल्या मिठाचीच विषबाधा होऊ शकते.