वाचकांचे प्रश्न : नांतची म्युस्कादे

लुआर नदी अटलांटिक महासागराला मिळते त्याच्या थोडं अलीकडे नांत शहर आहे. शहराच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला सेव्र व मेन या लहान नद्यांच्या खोऱ्यांत ‘म्युस्कादे’ ही पांढरी, कोरडी, हलकी वाइन होते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे असलेल्या बागा इथे पुष्कळ आहेत. तिथे छाटणीपासून बाटली भरण्यापर्यंत सगळं घरचीच माणसं पाहतात. या वाइनबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : फ्रान्सहून आलेल्या बाटलीवर ‘म्युस्कादे सेव्र ए मेन, स्युर ली’ असं छापलं आहे. ग्लासात ओतल्यावर कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि वाइन जिभेला किंचित चुरचुरली. ती आंबली आहे का? (वाचक, पुणे)

नाही. तशी चुरचुर या वाइनमध्ये असायलाच हवी. ‘स्युर ली’ म्हणजे साक्यावर, तळाशी बसलेल्या गाळावर, ठेवलेली.

ही वाइन ‘मेलों द बुर्गोन्य’ नावाच्या एकाच जातीच्या द्राक्षांपासून करतात. माल आला की लगेच दाबून रस काढतात. तो १२ ते २४ तास थंड ठेवला की सालीचे कण आणि माती खाली बसते. वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत घेऊन आंबवतात. इथे बऱ्याच जुन्या घरांत या टाक्या जमिनीखाली बांधलेल्या आणि आतून काचेच्या फरश्या बसवलेल्या असतात. त्यामुळे हिवाळाभर तापमान फारसं हलत नाही. आंबवण संपलं की यीस्ट मरतं आणि तळाशी पांढरट, दाट साका बसतो. एरवी वाइन या साक्यावरून काढून दुसरीकडे घेतात. इथे ती तशीच साक्यावर सोडतात. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात आणि त्यांतले पदार्थ वाइनमध्ये उतरतात. या मुळात फारसा वास नसलेल्या द्राक्षाला पावाच्या पिठासारखा मंद गंध आणि तोंडात थोडा भरीवपणा येतो तो त्यामुळेच. नियमाप्रमाणे वाइन निदान एक हिवाळा साक्यावर राहायला हवी. पुढच्या वर्षीच्या १ मार्चच्या आधी बाटली भरता येत नाही, आणि जिथे वाइन केली तिथेच ती भरावी लागते.

थंड टाकीत, जागची न हलवता ठेवल्यामुळे आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळलेला राहतो. तुम्हाला जाणवली ती चुरचुर त्याचीच. हा वायू वाइनला हवेपासून सांभाळतोही.

बिघाडाच्या खुणा वेगळ्या असतात. बूच काढताच वाइन फसफसून वर आली, गढूळ दिसली आणि तिला यीस्टचा उग्र वास आला, तर ती बाटलीत पुन्हा आंबली आहे. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर घाबरू नका. साक्यावर हवेविना राहिल्याने कधीकधी गंधकाची संयुगं तयार होतात. वाइन जगमध्ये थोड्या उंचीवरून ओता आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा, वास बहुधा निघून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र दूषित बुचाचा असतो. तो कशानेही जात नाही, ग्लासात उलट वाढतो. अशी बाटली दुकानात परत द्यावी.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे आहेत. (वाचक, कोल्हापूर)

ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत. वाइन फार थंड झाली की हे खडे जमतात. त्यांनी काही अपाय होत नाही. शेवटचा घोट बाटलीत ठेवून सावकाश ओता.

प्रश्न : वाइन खरंच एखाद्या कुटुंबाच्या बागेतली आहे, हे लेबलावरून कसं ओळखायचं? (वाचक, डोंबिवली)

घराण्याचं नाव किंवा ‘पेर ए फिस’, म्हणजे ‘वडील आणि मुलगे’, या शब्दांवर जाऊ नका. दुसऱ्यांकडून द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेणारे व्यापारीही तेच छापतात. ‘मि आं बुतेय ओ दोमेन’ ही ओळ शोधा. बाटली बागेच्या मालकाच्याच जागी भरली, असा तिचा अर्थ. याहून चांगली खूण म्हणजे बुचावरच्या टोपणावरचं ‘व्हिन्येरों ॲंदेपांदां’ या संघटनेचं चिन्ह, खांद्यावर पिंप घेतलेला माणूस. आपल्याच बागेची द्राक्षं, आपणच केलेली वाइन आणि आपणच भरलेली बाटली, असं असेल तरच सदस्यांना ते लावता येतं. मात्र प्रत्येक चांगलं घर या संघटनेत असतंच असं नाही.

अशा घराची वाइन दर वर्षी सारखी लागत नाही, कधी मिळतही नाही. एप्रिल २०२१ मध्ये लुआर खोऱ्यात कोवळे फुटवे गोठले. मेलोंचे डोळे, म्हणजे वेलीवरचे कोंब, लवकर फुटतात, त्यामुळे या जातीला उशिरा पडलेली थंडी फार लागते. बागेत हेक्टरी तीन-चारशे मोठ्या मेणबत्त्या पेटवतात, किंवा रात्रभर फुटव्यांवर पाणी फवारत राहतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि कोंब शून्याच्या आसपास टिकून राहतो. फवारा मध्येच बंद पडला तर मात्र न फवारल्याहून जास्त नुकसान होतं. व्यापाऱ्याला दुसरीकडचा माल घेता येतो. आपल्याच बागेवर चालणाऱ्या घराचं ते वर्ष गेलं की गेलं.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात वाइन द्राक्षांची बाग आहे. ‘मेलों’ लावून पाहावी का? (शेतकरी वाचक)

आमचं मत, लावू नका. नांतला वेल हिवाळ्यात पूर्ण झोपतो, वर्षातून एकदाच छाटणी होते आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये काढणी असते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. वेल कधी झोपतच नाही. या जातीचं सगळं भांडवल म्हणजे तिची आंबट धार. उन्हात मणी पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं. ते गेलं की मेलोंमध्ये उरण्यासारखं फार काही नाही, कारण तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. शिवाय घड गच्च असल्याने पावसात सापडला की राखाडी कूज येते.

शेनिन ब्लांक ही पांढऱ्या द्राक्षाची जातही मूळची लुआर खोऱ्यातलीच आणि ती नाशकात रुजली आहे. उष्णतेतही ती आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवते. नांतकडून घ्यायचीच असेल तर जात घेऊ नका, पद्धत घ्या. शेनिनची एखादी लहान टाकी चार-पाच महिने बारीक साक्यावर ठेवून पाहा. तापमान १५ अंशांच्या आत हवं आणि टाकी तोंडापर्यंत भरलेली हवी. रसातला जड गाळ आधी नीट काढा. तो राहिला तर पुढे कुजका वास धरतोच. दर आठवड्याला चव घ्या. वास बिघडतोय असं वाटलं तर वाट न पाहता वाइन साक्यावरून काढून घ्या.

प्रश्न : फ्रिजमधून काढलेली वाइन नुसती आंबट लागते, बाहेर ठेवली तर बेचव. किती थंड करायची? (वाचक, ठाणे)

८ ते १० अंश. घरच्या फ्रिजमध्ये ४-५ अंश असतात. इतक्या थंडीत गंध दबतो आणि फक्त आंबटपणा पुढे येतो. बाटली काढून दहा मिनिटं ठेवा, मे महिन्यात पाच पुरेत. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधल्या हवेतून थंडी नीट पोचत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरा. वाइनमध्ये बर्फ टाकू नका, एवढ्या हलक्या वाइनमध्ये तो पाचच मिनिटांत पाणी करून टाकतो.

प्रश्न : आपल्या माशांबरोबर चालेल का? (वाचक, मालवण)

काही माशांबरोबर फार छान, पण कालवणाबरोबर नाही. त्या किनाऱ्यावर ती कच्ची कालवं, शिंपले आणि भाजलेली तारली यांबरोबर पितात. म्हणून तुमच्याकडे मिठाची भाजलेली तारली, रव्यात तळलेली मांदेली, कुरकुरीत बोंबील हे तिचे खरे सोबती. वाइनची धार तेल कापते आणि खारटपणामुळे तिचा आंबटपणा मऊ लागतो. लाल तिखट हात राखून लावा, कारण अल्कोहोलमुळे तिखटाची आग जास्त जाणवते. ओल्या नारळाच्या गोडसर वाटपापुढे ती पातळ आणि आंबट वाटते, आणि कोकमाच्या आंबटपणापुढे सपक.

तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपले, अशा करा. अर्धा किलो तिसऱ्या दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे वाळू सुटेल. चमचाभर लोण्यात चार पाकळ्या लसूण परता, अर्धी वाटी वाइन घाला, उकळी येताच तिसऱ्या टाकून झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत त्या उघडतात. न उघडलेल्या फेकून द्या. वरून मीठ घालू नका, शिंपल्यातलं पाणी खारट असतं. कालवं मात्र इथे कच्ची खाऊ नका, वाफवूनच घ्या.

प्रश्न : ही वाइन ठेवून जुनी करतात का? (वाचक, नागपूर)

साधी ‘स्युर ली’ दोन-तीन वर्षांत संपवावी. लेबलावर गोर्ज, क्लिसों किंवा ल पाले यांपैकी गावाचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. या तीन गावांना २०११ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली आणि त्यांची वाइन साक्यावर दीड ते दोन वर्षं राहते. ती दहा वर्षंही चांगली टिकते. पण नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात नाही. बूच वर सरकलेलं किंवा चिकट दिसलं तर बाटली तापली होती असं समजा.

प्रश्न : उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करावं? (वाचक, पणजी)

बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस पिण्यासारखी राहते. त्यानंतर नांतकडचा लोण्याचा सॉस, ‘बर ब्लां’, करा. सांबाराचे चार छोटे कांदे अगदी बारीक चिरा, १०० मिली वाइन आणि ५० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मंद आचेवर दोन चमचे द्रव उरेपर्यंत आटवा. आंच अगदी कमी करून १५० ग्रॅम थंड, बिनमिठाच्या लोण्याचे तुकडे एकेक घालत फेटत राहा. आधीचा तुकडा विरघळत आला की पुढचा. उकळी आली की लोणी फुटून तूप वेगळं होतं. कडेला तेलकट थेंब दिसताच भांडं आचेवरून काढून चमचाभर बर्फाचं पाणी घाला आणि जोरात फेटा, सॉस पुन्हा जुळून येतो. वाफवलेल्या पापलेटवर लगेच वाढा, परत गरम करायला ठेवू नका.